हिरोईनीची नॅनी आणि धुऱ्यावरची झोळी

धुऱ्यावरची (रात्री ९:४०)

आमच्याकडे (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ) कापसाचा दुसरा वेचा चालू आहे. काल दुपारी बाया धुऱ्यावर (म्हणजे शेताच्या बांधावर) बाभळीखाली डबे उघडून बसल्या होत्या, मीही त्यांच्यात. एकीनं मोबाईलवर रील लावलं. मुंबईचं विमानतळ, पुढे गॉगल लावलेली नटी, मागे एक बाई तिचं लेकरू कडेवर घेऊन. खाली कमेंटींचा नुसता पाऊस. पोटचं पोर घ्यायला लाज वाटते का, आई झालीस कशाला, आमच्या आयांनी नाही का वाढवलं, असं सगळं.

मोबाईलवाली म्हणाली, "एवढा पैसा हाये, पन लेकरू घ्याले हात नाई व तिले."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

हे बोलणारीचं आठ महिन्यांचं पोरगं तेव्हा दोन बाभळींच्या मध्ये जुन्या लुगड्याच्या झोळीत झोपलं होतं. दोरी ओढत होती त्याची सहा वर्षांची बहीण, दुसऱ्या हातात बोरं. मंगळवार होता, शाळेला सुट्टी नव्हती. आई सकाळपासून तीनदा पाजायला आली, बाकी वेळ पऱ्हाटीत. ज्यांनी कापूस वेचलाय त्यांना माहीत असेल, कमरेला ओटी बांधलेली असते आणि ती भरत आली की पोटावर, कुशीवर गाठोडं होऊन बसते. लेकरू जिथे बसवायचं तिथेच कापूस असतो. वेचणी किलोवर. यंदा आमच्याकडे किलोला दहा रुपये. हात चालणारी बाई चाळीस-पन्नास किलो करते, ही पाजून-झोके देऊन तीसच्या पुढे जात नाही.

आणि माझी चौदा महिन्यांची? घरी, सासूबाईंजवळ. म्हणजे त्या घडीला स्वतःच्या हातानं लेकरू सांभाळणारी एकही आई त्या झाडाखाली नव्हती, आणि न्यायाधीश आम्ही सगळ्या.

नट्यांचं हे जुनंच आहे म्हणा. करीनाला २०१६च्या डिसेंबरात तैमूर झाला आणि फेब्रुवारीत ती रॅम्पवर चालली, तर बोंब. त्या पोराला सांभाळणाऱ्या बाईचेही फोटो पेपरात. २०१७च्या महिला दिनाला शाहिद कपूरची बायको मीरा राजपूत बोलून गेली की मुलीला तासभर देऊन कामावर पळायला ती काय कुत्र्याचं पिल्लू आहे? तर उलट्या बाजूनं बोंब, नोकरी करणाऱ्या आयांचा अपमान झाला म्हणून. ऐश्वर्या लेकीचा हात सोडत नाही म्हणून तिला हसतात. दीपिकाला २०२४च्या सप्टेंबरात मुलगी झाली, पुढच्या वर्षी तिच्या आठ तासांच्या शिफ्टच्या मागणीवरून सिनेमावाले दोन तट पडून भांडले. धरलं तरी चूक, सोडलं तरी चूक.

मला विचारायचंय ते एवढंच: आपल्याकडे लेकरू "स्वतः सांभाळलं" असं नेमकं कधी म्हणतात? हातानं सांभाळलं तर, की आपल्या माणसाच्या हातानं सांभाळलं तर? की फुकट सांभाळलं तर?

---

ठेचा-भाकर (रात्री १०:०५)

रुमाल टाकून ठेवतो. शेवटचा प्रश्न जबर आहे, "फुकट"वाला.

---

पुण्यातला वऱ्हाडी (रात्री १०:५२)

फुकटवरच येतो. आमची मुलगी दहा महिन्यांची असल्यापासून पाळणाघरात जाते. आई (दारव्ह्याजवळचं गाव) फोनवर शेजारणीला काय सांगते ऐका: "पोरगी पायनाघरात टाकली त्याइनं." टाकली. माझी चुलत बहीण स्पर्धा परीक्षेसाठी नागपूरला गेली तेव्हा तिनं तिचा मुलगा दोन वर्षं माहेरी ठेवला. तो मात्र "ठेवला". मी महिन्याला पैसे मोजतो, रोज संध्याकाळी सहाला आणायला जातो, तरी टाकली. भाऊबीजेला आईला हे बोलून दाखवलं तर म्हणे, "बाप्पा, तोंडातून जे निघते ते निघते."

नट्यांबद्दल एक. विमानतळावरचा फोटो हा त्या धंद्याचा भाग आहे, त्यावरून घरात कोण न्हाऊ घालतं ते कळत नाही. अनुष्कानं २०२१मध्ये मुलगी झाल्यावर फोटोवाल्यांना सांगितलंच की तिचे फोटो काढू नका. आलियानं मुलीचा चेहरा लोकांना दाखवला तो वर्ष उलटून गेल्यावर, २०२३च्या नाताळात. कॅमेऱ्यापासून लेकरू राखणं हेही सांभाळणंच झालं, पण ते रीलमध्ये दिसत नाही.

बायकोला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. २०१७च्या दुरुस्तीआधी १२ होती. त्याच दुरुस्तीत पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं असंही आहे. आता धुऱ्यावरच्या बाईला कोणती रजा, हे तुम्हीच सांगा.

---

लसीकरणाचा डबा (सकाळी ६:३५)

मी सांगते, आशा कार्यकर्ती आहे मी, गावात आरोग्याचं काम करते. गाव सांगत नाही.

धुऱ्यावरच्या बाईला मातृवंदना योजनेचे पहिल्या लेकराला ५००० मिळतात, दोन हप्त्यांत. दुसरी मुलगी झाली तर ६०००. पैसे वाईट नाहीत, पण ती रजा नव्हे. सव्वा महिना झाला की बाई निंदणाला जाते. पहिलटकरीण माहेरी असते म्हणून तिला जरा जास्त मिळतात, दुसऱ्या खेपेला कोण ठेवून घेतं?

आम्ही घरोघरी सांगत फिरतो, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीही नको. बाई मान हलवते. तिचं वावर दोन-अडीच किलोमीटरवर आणि लेकरू घरी आजीजवळ. अकरा वाजता पान्हा फुटतो, चोळी ओली होते, बाई पदर पुढे ओढून घेते आणि निंदतच राहते. घरी तेव्हा आजी पोराला साखरपाणी चाटवत असते. मी कोणाला रागवू? नातवासाठी आजीनं तिचं मजुरीचं काम सोडलेलं असतं.

अंगणवाडीत बसायला लेकरू तीन वर्षांचं लागतं. त्याआधी घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळणूक मिळत नाही. शून्य ते तीन, जेव्हा दोन हात सगळ्यात जास्त लागतात, तेव्हाच कोणी नाही.

आणखी एक गंमत. २००५च्या रोजगार हमी कायद्यात लिहून ठेवलं होतं की कामावर बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर त्यातल्याच एका बाईला लेकरं बघायला बसवायचं आणि तिला इतरांसारखीच मजुरी द्यायची. म्हणजे लेकरं बघणं हे काम आहे, त्याला रोज आहे, हे सरकारी कागदावर आलेलं आहे. खासगी वावरात असला कागद कुठला!

---

स्पष्टवक्ता (सकाळी ८:११)

धागा छान पण सूर पटला नाही. मजूर बाईची लाचारी आणि कोट्यधीश नटीची हौस एका तागडीत कशी? हिला इलाज नाही, तिला आहे. माधुरीला बघा. लग्न करून १९९९ला अमेरिकेत गेली, दोन मुलं वाढवली, २०११ला परत आली. तिला कोणी नावं ठेवली? ठेवली नाहीत, कारण तिनं आधी घर बघितलं. पूर्वीच्या आयांनी आठ-आठ लेकरं कोणत्या नॅनीनं वाढवली?

---

संत्र्याची साल (सकाळी ८:४०)

@स्पष्टवक्ता, माधुरीचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. दहा-बारा वर्षं परदेशात राहिली, मोजकेच सिनेमे केले, तेव्हा कुठे "घर बघितलं"चं प्रमाणपत्र. तेवढी वर्षं तिच्या जोडीच्या नटांपैकी कोणी घरी बसला का? त्यांनाही लेकरं होतीच की.

---

बुढीचा नातू (सकाळी ११:२०)

"पूर्वीच्या आयांनी" हे वाचून आजीलाच विचारलं. पंच्याऐंशीच्या पुढे आहे. ती बोलली तसं टाईप करतोय:

"आमच्या वक्ती मायच्या हातात लेकरू रायतच नसे. मी आठ बाळंतपनं केली, पाच जगले. एकाही लेकराले मी सोताच्या हातानं आंग धुतलं नाई. सासू धुये, नाई त नणंद. मी पाट्यावर, नाई त वावरात. पाजाले लेकरू आनून देत, पाजलं का घेऊन जात. सासऱ्यासमोर लेकरू मांडीवर घेतलं त बेशरम म्हनत. तुया आबाजीनं तुया बापाले मोठा होयेपरेंत चारचौघात उचललं नाई, त्याइचे बाप ओसरीवर बसून रायत ना. रात्री लेकरू रडलं का अंधारात उचलत, कोनी पाह्यत नाई म्हनून. आता पोट्टे बापासमोर लेकराचं ढुंगन धुतेत. बरं हाये ते."

मी विचारलं, मग तुझ्या लेकरांना वाढवलं कोणी? "नंदेनं. रांडवलेली होती, आमच्याच घरी रायली जलमभर. लेकरं तिलेच माय म्हनत, मले वयनी. तिचं कोनी नाव काढते का आता?"

वडिलांना विचारलं. खरं आहे, ते लहानपणी आजीला वहिनीच म्हणत. ती आत्या १९८१ला गेली. घरात तिचा एकही फोटो नाही.

---

ठेचा-भाकर (सकाळी ११:३१)

पूर्वीच्या आयांची नॅनी सापडली. बिनपगारी.

---

मुक्कामी गाडी (दुपारी २:५०)

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. माझी बायको एसटीत कंडक्टर. आठवड्यातून दोनेक रात्री मुक्कामी गाडी असते, म्हणजे ती दुसऱ्या गावी आणि मी चार वर्षांच्या पोरीसोबत घरी. पाच एकर सोयाबीन-तूर आहे, तेही मीच बघतो. पोरगी रात्री आईची खाकी ओढणी तोंडाशी धरल्याशिवाय झोपत नाही. ओढणीला डिझेलचा वास येतो, धुतली तर रडते.

तान्ह्या पोळ्याची गोष्ट सांगतो. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल सजवून मिरवतात.) बैलाला मी रंग दिला, चाकं बसवली, पोरीच्या दोन वेण्या घातल्या. एक कानावर आली, एक मानेवर. मारुतीच्या पाराजवळ पोचलो तर तीन जणांनी विचारलं, "माय कोठी गेली हिची?" चौथा म्हणाला, "भाऊ, तू त बाईमानूसच झाला." कोणी नट लेकरू छातीला बांधून विमानतळावर दिसला की हेच लोक फोटो पुढे पाठवतात, बाप असावा तर असा.

पण खरं सांगू का, टोमण्यांपेक्षा मला कौतुक जास्त लागतं. गावात बाया म्हणतात, "किती करतेत हो भाऊ लेकरासाठी!" मी काय करतो? भात टाकतो, ढुंगण धुतो, अंगणवाडीत सोडतो. बायको दिवसभर खडखडत्या गाडीत उभी राहून घरी येते आणि पोरीच्या उवा काढत बसते. तिला आजवर कोणी "किती करता" म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिला म्हणतात, "लेकरू सोडून कशी राहतेस व?"

---

पुण्यातला वऱ्हाडी (दुपारी ३:१५)

@मुक्कामी गाडी, कानावरची वेणी आमच्याकडेही आहे. यूट्यूबवर शिकलो, तरी कानावरच.

---

संत्र्याची साल (दुपारी ४:०२)

कोणीतरी हिरकणी आणणारच, तर मीच आणते. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले, तान्ह्यासाठी कडा उतरली. लहानपणापासून ऐकतोय. पण ती गडावर काय करत होती? कामावर गेली होती! तान्हं घरी ठेवून! त्या दिवशी दरवाजे वेळेवर उघडे असते तर तिची गोष्टच झाली नसती. रोज उठून लेकरू ठेवून दूध विकणाऱ्या बाईला बुरूज मिळत नाही, कडा उतरावा लागतो.

आणि त्याच हिरकणीच्या नावानं एसटी स्टँडवर लेकराला पाजायला कक्ष. डिसेंबर २०२२ला आपल्या नागपुरात हिवाळी अधिवेशन होतं तेव्हा देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन विधानभवनात आल्या. काय कौतुक झालं! व्हायलाच हवं होतं, मीही फोटो शेअर केला. पुढचं अधिवेशन मुंबईत, तिथे विधानभवनातल्या हिरकणी कक्षातली धूळ दाखवून त्यांनाच तक्रार करावी लागली. न्यूझीलंडच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न २०१८मध्ये तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन संयुक्त राष्ट्रांत गेल्या, जगभर फोटो. म्हणजे लेकरू कामाच्या जागी नेणं यात वाईट काही नाही असं सगळ्यांचं मत दिसतं.

मग आमच्या वरुडकडे संत्र्याच्या तोडणीला बाई लेकरू घेऊन आली की व्यापाऱ्याचा माणूस कपाळाला आठ्या घालून "हे कायले आनलं" का म्हणतो?

---

स्पष्टवक्ता (सायं. ५:३०)

मुद्दे बरोबर आहेत, पण तुम्ही सगळे आईपण हे कामाच्या तराजूत घालताय. आई ती आई. सिंदखेडराजा आपल्याच बुलढाण्यातलं. जिजाऊंनी शिवबांना घडवलं ते दुसऱ्याच्या हातांनी का? लेकराला आईचाच सहवास लागतो, त्याला पर्याय नाही. आणि खरी आई बघायची तर सिंधुताई बघा. त्याही आपल्याच, वर्धा जिल्ह्यातल्या.

---

धुऱ्यावरची (रात्री ९:१५)

@स्पष्टवक्ता, जिजाऊंजवळ दाया, बटक्या, कारभारी सगळं होतं. त्यांनी काय शिकवलं ते आपण सांगतो, दुपटी कोणी धुतली ते सांगत नाही. आणि तेच बरोबर आहे असं मला वाटतं.

पण बरं झालं तुम्ही सिंधुताईंचं नाव काढलंत, मी काढू की नको विचार करत होते. माईंनी अनाथ पोरं सांभाळायला घेतली तेव्हा स्वतःच्या पोटच्या मुलीला पुण्याच्या दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे दिलं. का, तर आपली आणि परकी असा भेद मनात यायला नको. स्वतः भाषणांतून सांगत. सगळ्या महाराष्ट्रानं त्यांना माई म्हटलं, २०२१ला पद्मश्री मिळाली, २०२२च्या जानेवारीत गेल्या तेव्हा आमच्या गावात बाया रडल्या. मीही.

आता बघा. पोटची मुलगी दुसऱ्यांच्या हाती सोपवणारी बाई आपल्याला आईची मूर्ती वाटते. म्हणजे चोवीस तास स्वतःच्या हातानं सांभाळलं तरच आई, हे आपण मनातून मानतच नाही. मानत असतो तर माईंना हार घातले नसते. मग नटीवर एवढा राग कशाचा? ती लेकरू दुसऱ्याच्या हाती देते याचा नाहीच तो. ती देऊन स्वतःसाठी काही करते, नटते, पैसा कमावते, याचा आहे. दुसऱ्यांसाठी सोडलं तर त्याग, स्वतःसाठी सोडलं तर टाकलं. (पुण्यातल्या भाऊंचा शब्द.)

---

स्पष्टवक्ता (रात्री ९:४८)

माईंची आणि नट्यांची तुलना? हे जास्त होतंय. त्यांच्यावर काय वेळ आली होती माहीत आहे ना? नऊ महिन्यांची गरोदर असताना नवऱ्यानं घराबाहेर काढलं, गोठ्यात बाळंत झाल्या.

---

धुऱ्यावरची (रात्री १०:०२)

माहीत आहे. तुलना बायांची नाही करत, आपल्या नजरेची करतेय.

---

बुढीचा नातू (रात्री १०:३०)

आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, "ज्याच्या घरी खाणारे तोंडं, त्यालेच हात कमी. नटीच्या लेकराले कोनी त पाह्यते ना? मंग काऊन बोंबलता."

---

गडचिरोलीकर (दुसरा दिवस, सकाळी ७:१०)

उशिरा आलो. थोडं वेगळं. आमच्याकडे बंग दाम्पत्याच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचा. ३९ गावांतला तो प्रयोग, १९९९ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. ते हात आईचे नव्हते, शेजारच्या बाईचे होते, शिकवलेले होते, आणि त्यांना कामाचे पैसे मिळत. माझ्या आईनं त्या बाईला शेवटपर्यंत बहिणीसारखं मानलं. "लेकरू स्वतः सांभाळलं नाही" असं तिला कधी वाटलं असेलसं वाटत नाही.

---

धुऱ्यावरची (दहावा दिवस, रात्री ८:२०)

वेचा आटपला म्हणून आज फुरसत.

तुम्ही लिहिलेलं सगळं सासूबाईंना रोज रात्री वाचून दाखवत होते. आजींचं बोलणं त्यांना फार आवडलं, दोनदा वाचायला लावलं. मग मीच हळूच सुचवलं की वेचणीचे दिवस बायांची लहान लेकरं आपल्या अंगणात राहू द्या, आपली आहेच, तुमची नजर राहील. पोरांना सावली आणि झोळीवालीची मोठी मुलगी शाळेत.

सासूबाईंनी तांदूळ निवडता निवडता विचारलं, "त्या आशाबाईनं काय लिवलं होतं? पाच लेकरं असले त एका बाईले पुरा रोज?"

म्हटलं, तो रोजगार हमीचा कायदा, आई. आपलं घरचं वावर.

"लेकरं वावर पाहून हगतेत का?" असं म्हणून त्यांनी बोटं मोजली. बायांची चार. मग माझ्या पोरीकडे बघून म्हणाल्या, "हिचे पैसे घेत नाई मी. पन मोजाले हिले धर. झाले पाच."

तीन दिवस अंगण भरलेलं होतं. संध्याकाळी झोळीवालीनं पोरगं उचललं तेव्हा त्याच्या डोळ्यांत काजळ आणि तोंडाला गुळाचं बोट. ती मला म्हणे, "आता आपलीबी नॅनी झाली व." त्या दिवशी तिनं बेचाळीस किलो केला. मोठी तीनही दिवस शाळेत गेली. चौथ्या दिवशी सासूबाई तेरवीच्या जेवणाला गेल्या आणि ती पोरगी पुन्हा बाभळीखाली दोरी ओढत बसलेली, हातात बोरं.

रोजाचं अजून ठरलेलं नाही. नवऱ्याला ही गंमत वाटते, म्हणतो आईला कोणी पैसे देतं का. सासूबाईंनी भिंतीवर कोळशानं तीन रेघा ओढून ठेवल्यात.

---

लसीकरणाचा डबा (रात्री ८:४५)

सासूबाईंना सांगा, रेघांचा फोटो काढून ठेवा. भिंत सारवली की थकबाकी गेली. अनुभवावरून सांगतेय.